हजेरी

रात्री रेक्टर सर हजेरीचं रजिस्टर फिरवतात तेव्हा आपण किती कुरकुर करतो! पण याच कोल्हापूर संस्थानात शंभर वर्षांपूर्वी एक वेगळी हजेरी होती. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतल्या माणसांना, गुन्हा केलेला असो वा नसो, गावकामगारापुढे रोज हजर व्हावं लागे. कारण काय, तर जन्म. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली हुकूम काढून ही हजेरी बंद केली. शिवाय ज्यांच्यावर चोरीचा शिक्का होता त्या फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या!

हे आठवायचं कारण, मेसमध्ये परवा पेटलेला वाद. पोलीस आणि जात यांच्या स्थानिक भांडणात देशपातळीवरच्या पुढाऱ्यांनी पडावं का? एक पार्टी म्हणे, "ते येतात ते फोटोला." दुसरी म्हणे, "ते आले नाहीत तर फाईल हलतच नाही." मला दोन्ही अर्धवट वाटतं.

डिसेंबर २०२४ मधलं परभणी घ्या. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, त्याला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितलं की मारहाण झाल्याचं दिसत नाही. २३ डिसेंबरला लोकसभेतले विरोधी पक्षनेते राहुल गांधी परभणीत आले आणि म्हणाले, ही हत्याच आहे. म्हणजे तपास पुरा व्हायच्या आत निकाल तयार, तोही दोन! माझा आक्षेप येण्याला नाही, या निकालांना आहे. घरच्यांना भेटावं, चौकशी मागावी, संसदेत विचारावं. आईचं दुःख दिल्लीपर्यंत पोचणं ही लहान गोष्ट नाही. पण गुन्हा नोंदवण्याचा आदेश आला तो उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून, जुलै २०२५ मध्ये. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही आदेश कायम राहिला. मधल्या सात महिन्यांत कॅमेरे कधीच निघून गेले होते. टिकली ती आई आणि तिचे वकील.

अमेरिकेतही हेच. जुलै २००९ मध्ये हार्वर्डचे कृष्णवर्णीय प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना पोलिसांनी त्यांच्याच घरी अटक केली. राष्ट्राध्यक्ष ओबामा पत्रकारांपुढे बोलून गेले की पोलीस मूर्खासारखे वागले. झालं! मूळ प्रश्न बाजूला, ओबामांच्या शब्दावरच देशभर चर्चा. शेवटी ३० जुलैला प्राध्यापक आणि पोलीस अधिकारी दोघांना व्हाईट हाऊसवर बोलावून बिअर पाजली. (आपल्याकडे चहावर भागलं असतं.) याउलट १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ देईनात, तेव्हा आयझेनहॉवर यांनी सरळ लष्कर पाठवलं. कारण तिथे कोर्टाचा हुकूम होता आणि राज्याचा गव्हर्नरच तो मोडत होता.

आपल्या घटनेत पोलीस हा राज्यसूचीतला विषय. पंतप्रधान काय किंवा विरोधी पक्षनेता काय, परभणीच्या फौजदाराची साधी बदलीही करू शकत नाहीत. शाहू महाराजांची गोष्ट निराळी, पोलीस त्यांचेच होते. पण तरी एका पाटलाला झापून ते थांबले नाहीत, पद्धतच मोडली. ते काम दिल्लीला जमतं, कारण कायदा तिच्या हातात आहे. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तो असाच. मात्र त्याच्या जागी राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले आणि जुनी नजर नव्या नावाने चौकीत बसली.

आपल्या कळंब्याला बाहेरचे लोक जेलवरूनच ओळखतात, म्हणून एक शेवटची गोष्ट. पत्रकार सुकन्या शांता यांनी देशातल्या तुरुंगांत जातीवरून कामं कशी वाटतात यावर लिहिलं आणि मग स्वतःच याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतले असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका, हेही पोलिसांना बजावलं. ही याचिका कुठल्या पुढाऱ्याची नव्हती.