तेजगढची आदिवासी अकादमी : भिंत, बोली आणि अन्न

सांस्कृतिक केंद्र म्हटले की रंगमंच, कलादालन आणि वार्षिक महोत्सव एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. कलेसाठी एक दालन, भाषेसाठी दुसरे आणि खाद्यपदार्थांसाठी तिसरे, अशी विभागणी कारभाराच्या दृष्टीने सोयीची असते. परंतु लोकजीवनात ही विभागणी आढळत नाही. गुजरातमधील तेजगढ येथील आदिवासी अकादमीचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे.

तेजगढ हे वडोदऱ्याच्या पूर्वेस, राठवा आदिवासींच्या मुलखात वसलेले गाव आहे. पूर्वी वडोदरा जिल्ह्यात असलेला हा भाग २०१३ पासून छोटाउदेपूर या स्वतंत्र जिल्ह्यात मोडतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले, मराठीतही लेखन करणारे डॉ. गणेश देवी यांनी १९९६ मध्ये वडोदऱ्यास ‘भाषा’ ही संस्था स्थापन केली. तिच्याच कार्यातून पुढे अकादमी उभी राहिली. येथील संग्रहालयाचे ‘वाचा’ हे नाव अर्थपूर्ण आहे. वस्तूंपेक्षा बोलणारा माणूस महत्त्वाचा, हा त्यामागील विचार होय.

या विचाराचे मर्म पिठोरा चित्रांवरून ध्यानी येते. घरावर संकट आले की राठवा कुटुंब पिठोरा देवास नवस बोलते. नवस फेडताना ओसरीची मुख्य भिंत शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने उजळतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवले जातात. चित्र काढणाऱ्यास ‘लखारा’, म्हणजे लिहिणारा, असे म्हणतात. कारण पिठोरा ‘काढला’ जात नाही, तर ‘लिहिला’ जातो. चित्र पूर्ण झाल्यावर बडवा, म्हणजे पुजारी, अंगात आलेल्या अवस्थेत त्यातील घोडे व देवता ओळखून दाखवितो. काही उणे राहिले असल्यास ते भरून काढावे लागते. त्यानंतर बळी आणि सामुदायिक भोजन होते.

येथे चित्र, भाषा आणि अन्न यांची फारकत करता येत नाही. मोहाची झाडे तुटली तर रंगांची रीत खंडित होते आणि बोली लोपली तर भिंतीवरील देवतांना नावाने हाक मारणारा उरत नाही. कागदावरील पिठोऱ्यास आज बाजारपेठ आहे. परेश राठवा या पिठोरा चित्रकारास २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ही अभिमानाची गोष्ट होय. मात्र विकले जाणारे चित्र आणि नवसाची भिंत यांतील भेद विसरता कामा नये.

बोलींची स्थिती अधिक चिंताजनक आहे. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नोंद होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखविणे बंद झाले आणि यादी १०८ वर आली. जी भाषा यादीत नाही, तिच्यासाठी पाठ्यपुस्तकाची मागणी कोण करणार? ‘भाषा’ संस्थेने आदिवासी भाषांमधून ‘ढोल’ हे नियतकालिक काढले, तर २०१० मध्ये तिच्या पुढाकाराने सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली.

सीमाभागात वा अन्यत्र सांस्कृतिक केंद्र उभारणाऱ्यांनी यावरून एक बोध अवश्य घ्यावा. मक्याच्या पिठाचे, पळसाच्या पानांत भाजलेले पानिये महोत्सवात विकल्याने खाद्यपरंपरा टिकत नाही. त्यासाठी शेतात मका, रानात पळस आणि घरात त्या पदार्थाचे नाव घेणारी बोली, ही तिन्ही टिकावी लागतात. केंद्राचे यश प्रेक्षकांच्या संख्येवर न मोजता, त्या परिसरातील किती मुले घरची बोली निःसंकोचपणे बोलतात यावर मोजणे अधिक उचित ठरेल.