ती एक ओळ



‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना आपण सकाळी म्हणतो, रात्री म्हणतो, रोझरीत म्हणतो, मिस्सामध्ये म्हणतो. इतकी पाठ झाली आहे की ओठ प्रार्थना म्हणत असतात आणि मन बंदरावर मासळीचा भाव ऐकत असते.

पाचव्या शतकात योहान कॅसियन नावाच्या मठवासीयाने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. चर्चमध्ये सगळे मिळून ही प्रार्थना म्हणत असताना काही माणसे क्षमेच्या ओळीपाशी गप्प राहत. आपण कोणाला क्षमा केलेली नाही, मग आपल्याच शब्दांत आपण अडकू, अशी त्यांना भीती वाटे. देवापुढे अशी पळवाट चालत नाही, असे कॅसियन म्हणतो. मला मात्र ती माणसे आपल्यापेक्षा बरी वाटतात. निदान त्यांना ती ओळ समजली होती!

बाकीच्या मागण्यांना अट नाही. भाकर मागताना आपण ‘जशी आम्ही देतो तशी’ असे म्हणत नाही. क्षमा मागताना मात्र म्हणतो. प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू येशू याच एका मागणीकडे पुन्हा वळतो (मत्तय ६:१४-१५).

मत्तयच्या मूळ ग्रीक मजकुरात या ठिकाणी ‘ऋण’ या अर्थाचा शब्द आहे, लूकमध्ये ‘पाप’. येशूच्या अरामी बोलीत दोन्हींसाठी एकच शब्द होता. ऋण म्हणजे काय, हे उत्तन, पाली, चौकच्या लोकांना शिकवावे लागत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, घरखर्च उधारीवर. हंगाम सुरू होण्याआधी डिझेल आणि बर्फ यांसाठी पुन्हा कोणापुढे तरी हात पसरायचा.

म्हणूनच निर्दय चाकराचा दाखला (मत्तय १८:२३-३५) आपल्याला पटकन कळावा. चाकराचे धन्याकडचे कर्ज १०,००० तालांत. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी १ दिनार आणि १ तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! ते सारे माफ झाले. बाहेर पडताच त्याने सोबत्याची मान धरली ती १०० दिनारांसाठी. आपण हे १०० दिनार क्षुल्लक म्हणून सोडून देतो, पण तसे ते नाहीत. १०० दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून अधिक घरखर्च. येशू आपल्या दुखण्याला खोटे म्हणत नाही. दुसऱ्याने खरेच बुडवलेले असते, खरेच लागेल असे बोललेले असते. ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही (क्र. २८४३) मान्य करते की, झालेली दुखापत न जाणवणे किंवा विसरणे आपल्या हातात नसते.

माझे सांगतो. वडिलांच्या जुन्या घराच्या एका भिंतीवरून माझे आणि धाकट्या भावाचे चार वर्षे बोलणे बंद होते. रविवारी तो माझ्या मागे दोन बाके सोडून बसे. या प्रार्थनेनंतर शांतीचे चिन्ह येते आणि मग कम्युनियन. मी उजवीकडे-डावीकडे हात जोडत असे, मागे मात्र वळत नसे, आणि सरळ रांगेत जाऊन उभा राहत असे.

एकदा उपवासकाळात कुमसाराला गेलो असता फादरांनी एवढेच सांगितले, “त्या ओळीला मनात भावाचे नाव घ्या.” सोपे वाटले. पहिल्या दिवशी नाव घशातच अडकले. कितीतरी दिवस मीही कॅसियनच्या त्या माणसांसारखा गप्प राहिलो. मग हळूहळू नाव येऊ लागले, आधी रागाने, नंतर नुसतेच.

भिंतीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. वाटणीचा कागद व्हायचा तो व्हायलाच हवा, क्षमा म्हणजे हिशेब न करणे नव्हे. पण ईस्टरनंतरच्या एका रविवारी मी मागे वळून हात जोडले. त्यानेही जोडले. बोललो काहीच नाही. चर्चबाहेर आल्यावर त्याने विचारले, “आईचे औषध आणलेस का?”