दहावीनंतर विज्ञान की कला?



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ आणि दुसरा ‘सायन्स घेतलं ना?’ असा असतो. कला शाखेचे नाव घेतले की विचारणाराच गप्प होतो. नरखेड तालुक्यातल्या कितीतरी घरांत हा निर्णय एका संध्याकाळी, शेजारच्या मुलाने काय घेतले ते पाहून होतो. पुढची दोन-तीन वर्षे मात्र ते ओझे मुलालाच वाहावे लागते. म्हणून या रविवारी थोडे सविस्तर.

आधी टक्केवारीबद्दल. २०१० पासून आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत सहापैकी चांगल्या पाच विषयांची टक्केवारी धरली जाते. समजा मुलाला ८२ टक्के आहेत, पण गणितात ४८ च आहेत. ते ४८ टक्केवारीत दिसणारच नाहीत, कारण सर्वांत कमी गुणांचा विषय आपोआप बाजूला पडतो. विज्ञान शाखेचा विचार असेल तर गुणपत्रिका उघडून गणित आणि विज्ञान या दोन विषयांसमोरचे आकडे वेगळे पाहा. वर्गशिक्षकांनाही विचारा. मूल पाठ करून लिहिते की गणित स्वतः सोडवते, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट ठाऊक असते.

विज्ञान घेतले तरी विषयांचा प्रश्न राहतोच. डॉक्टरकीसाठी नीट परीक्षा असते आणि तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या शाखांना गणित लागते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालते. ‘दोन्ही घेऊन ठेवू, पुढे बघू’ असे बरेच पालक म्हणतात. हुशार आणि चिवट मुलाला ते जमते, पण साधारण मुलाची दोन्हीकडे ओढाताण होते. शिवाय अकरावी हे आरामाचे वर्ष नाही. राज्याच्या सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि नीटमध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो.

भाषेची अडचण आपल्या मुलांना विशेष जाणवते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे बसते. पहिले तीन-चार महिने त्याला काहीच कळत नाही आणि लाजेने ते विचारतही नाही. हा बुद्धीचा दोष नव्हे. निकालानंतर कॉलेज सुरू होईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात दहावीच्याच विज्ञानाच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती वाचून घ्यावी. धडे ओळखीचे असतात, फक्त शब्द नवे. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हेही मुलांना सांगून ठेवा.

‘विज्ञान घेतले की सगळी दारे उघडी राहतात’ असे म्हणतात. ते खोटे नाही. बारावी विज्ञाननंतर बी. ए. करता येते, पण बारावी कलानंतर डॉक्टर होता येत नाही. मात्र दारे उघडी ठेवण्यासाठी मुलाला दोन वर्षे न आवडणाऱ्या खोलीत बसवायचे आणि शेवटी बारावीतच तो नापास झाला, तर कोणते दार उघडे राहिले?

नर्सिंगबद्दल आपल्या घरांतून नेहमी विचारणा होते. बी. एस्सी. नर्सिंगला बारावीत जीवशास्त्र हवेच. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्या मुलीला तिथे प्रवेश नाही. जी. एन. एम. ला मात्र इंग्रजीसह बारावी झालेली कला शाखेची मुलगीही जाऊ शकते.

आता कला शाखेकडे येऊ. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र हे ‘उरलेल्यांचे’ विषय नव्हेत. आपल्या संत्र्याच्या बागेचेच पाहा. डिंक्या का होतो, फळगळ का होते, याचे उत्तर जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र देते. पण माल चांगला असूनही भाव का पडतो? बांगलादेशाने २०१९ नंतर संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले आणि त्याचा फटका इथल्या बागांना बसला. हे समजायला अर्थशास्त्र लागते. विहिरी का आटतात, १९९१ साली वर्धा नदीच्या पुराने मोवाड कसे उद्ध्वस्त झाले, ते गाव पुन्हा कसे वसवले, हा भूगोलाचा आणि समाजशास्त्राचा अभ्यास आहे. ज्या मुलाला असे प्रश्न पडतात, त्याला हे विषय आवडतील. कला शाखेतून पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. पुढे पदवी घेतली की राज्यसेवा, केंद्रीय नागरी सेवा, शिक्षकी पेशा, समाजकार्य, पत्रकारिता असे मार्ग आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. स्पर्धा परीक्षेचे नाव घेऊन कला शाखेत रिकामे बसणारी मुलेही आहेत, आणि तेही बरोबर नाही.

फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट. मंडळाच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर ‘कला व विज्ञान’ असे छापलेले असते. म्हणजे कला शाखेतही गणित घेता येते, कॉलेजात शिकवत असतील तर. अर्थशास्त्रात पुढे जायचे असेल त्याने ते जरूर घ्यावे. ज्याला शेतीची पदवी हवी, त्याने मात्र विज्ञानच घ्यावे. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे आहे आणि आज ते अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. संत्रा उत्पादकाच्या मुलाने तिकडे पाहायला हवे.

कॉलेज निवडताना नावावर जाऊ नका. प्रत्यक्ष जाऊन विचारा: भूगोल किंवा मानसशास्त्र शिकवायला शिक्षक आहेत का? प्रयोगशाळा उघडते का? भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. नाव एका कॉलेजात आणि मूल नागपूरच्या क्लासला, अशा व्यवस्थेत मुलाच्या हाती परीक्षानळी कधी येतच नाही. रोज काटोलला किंवा नागपूरला रेल्वेने जायचे असेल तर प्रवासाचे तासही हिशेबात धरा.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, म्हणजे आपल्या तालुक्यातही. अर्जात दहापर्यंत कॉलेजे पसंतीच्या क्रमाने भरता येतात. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत त्या समाजाच्या मुलांसाठी राखीव जागा असतात, त्यासाठी लागणारी कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत. आणि क्रम विचारपूर्वक लावा. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत संधी मिळत नाही. तेव्हा मित्राने लिहिले म्हणून नव्हे, जिथे मूल खरोखर जाणार आहे तेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहा, आणि अर्ज भरताना मुलाला शेजारी बसवा.