सातबारा क्लिअर, पण माती? जुना प्लॉट किंवा गाळा घेण्याआधीची पर्यावरण तपासणी



जागा घेताना आपण काय काय बघतो? टायटल क्लिअर आहे का, बँकेचा बोजा आहे का, रस्ता किती फुटी, वीज किती, पाणी आहे का. वकील सर्च रिपोर्ट देतात, बँकेचा माणूस येऊन मूल्यांकन करतो आणि आपण इसार देऊन मोकळे होतो. या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: या जमिनीच्या पोटात काय आहे?

या आठवड्याचा व्हिडिओ याच प्रश्नावर आहे. तोच धडा इथे लेखी देतोय, म्हणजे जागा बघायला जाताना हाताशी राहील. नवीन, कोऱ्या प्लॉटपेक्षा हा विषय जास्त लागू होतो तो जुन्या प्लॉटला, बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडला, जुन्या गॅरेजला किंवा कारखान्यांच्या शेजारच्या शेतजमिनीला. स्वस्तात मिळते म्हणून आपण बहुतेक वेळा अशीच जागा घेतो, नाही का?

कागद मालक सांगतो, माती सांगत नाही

सातबारा, फेरफार, खरेदीखत हे सगळे मालकी हक्काचे कागद आहेत. वीस वर्षं तिथे ॲसिडच्या टाक्या होत्या की पापडाचा कारखाना होता, हे त्यांतून कळत नाही.

'मग विकणाऱ्यानं सांगायला नको का?' सांगायला हवं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ मध्येच ते आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला मालमत्तेतला मोठा दोष त्याने घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. पण नीट वाचा, पुढे अट आहे: जो दोष घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात आला नसता, असा दोष. म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर गंजलेली पिंपं पडलेली होती आणि तुम्ही विचारलंच नाही, तर उद्या 'मला फसवलं' म्हणणं अवघड जाईल. 'साधारण काळजी' घेणं हे तुमचं काम आहे, आणि ती घेतली याचा पुरावा ठेवणं हेही तुमचंच.

एक डॉलरची जमीन

ही पद्धत जगात का आली ते समजून घ्या. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात 'लव्ह कॅनॉल' नावाचा एक अर्धवट सोडलेला कालवा होता. १९४२ पासून हुकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला आणि वर माती ओढली. १९५३ मध्ये ही जमीन शाळा मंडळाला किती किमतीला दिली? फक्त एक डॉलरला! आणि खाली रसायनं पुरलेली आहेत हे खरेदीखतात लिहिलेलं होतं. तरी तिथे शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली. सत्तरच्या दशकात पावसाच्या पाण्याबरोबर ती रसायनं तळघरांत आणि अंगणांत वर यायला लागली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली.

यानंतर १९८० मध्ये अमेरिकेत 'सुपरफंड' कायदा आला. त्याने दूषित जमिनीच्या सफाईची जबाबदारी आजच्या मालकावरही टाकली. मग घेणारे शहाणे झाले, आधी तपासायला लागले. त्यातून 'फेज वन' आणि 'फेज टू' असे तपासणीचे दोन टप्पे रूढ झाले. फेज वन म्हणजे कागद, जागेची पाहणी आणि माणसांशी बोलणं. यात खोदकाम नाही. फेज टू म्हणजे माती आणि पाण्याचे नमुने. आपल्याकडे मोठ्या कंपन्या जागा घेताना हेच करतात. लहान उद्योजकाने यातला पहिला टप्पा स्वतः बराचसा करता येतो, आणि आज तोच शिकायचा आहे.

'ज्याने केलं तो भरेल' यावर विसंबू नका

'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्व आपल्याकडेही आहे. तमिळनाडूतल्या चामडं कमावणाऱ्या कारखान्यांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आपल्या कायद्याचा भाग मानलं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियमही आणले. अशा जागा शोधायच्या कशा, तपासायच्या कशा आणि सफाईचा खर्च जबाबदार माणसाकडून कसा घ्यायचा, याची पद्धत त्यांत आहे.

तत्त्व चांगलंच आहे. पण व्यवहारात काय होतं? आधीचा मालक गाळा विकून गेलेला असतो, त्याची कंपनी बंद झालेली असते. शेजारच्या विहिरीला रंगीत पाणी आलं तर तक्रार कोणावर होणार? आज गेटवर ज्याची पाटी आहे त्याच्यावर. जल कायदा, १९७४ च्या कलम ३३ अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळ काम बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. 'हे माझं नाही' हे तुम्ही सिद्ध कराल, पण तोवर कामगारांचे पगार आणि कर्जाचा हप्ता थांबणार आहे का?

कारखाना बंद झाला म्हणजे त्याचा कचरा निघून गेला असंही नाही. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमियमची रसायनं बनवणारा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला. दीड लाख टनांहून जास्त क्रोमियमयुक्त कचरा मात्र तिथेच राहिला.

चला, एक उदाहरण घेऊ

समजा, तुमचं फॅब्रिकेशनचं काम वाढलंय आणि तुम्हाला एमआयडीसीत जुना प्लॉट मिळतोय. आधी तिथे इलेक्ट्रोप्लेटिंगचं युनिट होतं, दोन वर्षं बंद आहे. किंमत आजूबाजूच्या भावापेक्षा बरीच कमी. एजंट म्हणतो, 'साहेब, उद्या दुसरी पार्टी येतेय.' तुम्ही काय कराल?

पायरी १: कागद मागा

• प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे कन्सेंट. जमतील तितक्या वर्षांचं मागा. त्यात उत्पादन, सांडपाणी, घातक कचरा यांचा प्रकार आणि प्रमाण असतं. युनिट लाल, नारिंगी की हिरव्या वर्गात होतं तेही कळतं.

• घातक कचऱ्याचे कागद. २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात साठवता येत नाही. तो अधिकृत ठिकाणी गेला याचा पुरावा म्हणजे फॉर्म १० ची मॅनिफेस्ट, आणि वार्षिक हिशोब फॉर्म ४ मध्ये. आता गणित करा. संमतीपत्रात वर्षाला पाच टन गाळ लिहिलाय आणि मॅनिफेस्ट एकाच टनाची आहे, तर उरलेला चार टन गेला कुठे? हा एक प्रश्न विकणाऱ्याला शांतपणे विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

• मंडळाच्या नोटिसा, बंदचे आदेश, कोर्ट किंवा हरित लवादातली प्रकरणं. विकणारा देत नसेल तर मंडळाच्या स्थानिक कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाका.

• सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, म्हणजे सीईटीपीचं सभासदत्व आणि थकबाकी.

• शेतजमीन असेल तर गाव नमुना १२ मधली पीक नोंद. आजूबाजूला ऊस उभा आहे आणि हाच तुकडा वर्षानुवर्षं पड, तर कारण विचारा.

• गूगल अर्थवरची जुनी उपग्रह चित्रं. एकेक वर्ष मागे जा. मागच्या कोपऱ्यात कधी खड्डा होता का, ढीग होता का, तो नंतर कुठे गेला?

पायरी २: जागा बघा, एकदा उन्हात आणि एकदा पावसानंतर

प्लेटिंगच्या शेडमध्ये आधी जमीन बघा. टाक्या होत्या तिथलं काँक्रीट खाल्लं गेलंय का? पिवळे, हिरवे-निळे डाग आहेत का? मध्येच एक तुकडा नव्याने केलेला का आहे? गटार कुठे जातं, ते शेवटपर्यंत चालत जा. ते नाल्यात उघडतं का? कंपाउंडच्या कडेला भरावाची माती, पुरलेली पिंपं, गवत न उगवणारी जागा आहे का? बोअरचं पाणी बादलीत काढून रंग आणि वास बघा; चव मात्र अजिबात घेऊ नका.

जुने गॅरेज किंवा पंप असेल तर जमिनीखालच्या टाक्या विचारा. बॅटरी फोडण्याचं काम झालं असेल तर शिशाची शंका घ्या. छताचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते घणाने फोडून भंगारात घालायचे नसतात, त्याचाही खर्च धरा. प्रत्येक गोष्टीचा तारखेसह फोटो काढा.

पायरी ३: माणसांशी बोला

विकणाऱ्यापेक्षा खरी माहिती जुन्या वॉचमनकडे, शेजारच्या युनिटच्या सुपरवायझरकडे आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे असते. 'इथे टँकर रात्री यायचा का?', 'पावसात पाणी कुठे वाहतं?', 'तुमच्या बोअरचं पाणी वापरता का?' असे साधे प्रश्न विचारा. पोलिसासारखी चौकशी करू नका, चहा घेत गप्पा मारा.

पायरी ४: शंका आली तर नमुने घ्या

पहिल्या तीन पायऱ्यांत काहीच खटकलं नाही तर इथे थांबता येईल. खटकलं तर पर्यावरण सल्लागार आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा गाठा. नमुने स्वतः बाटलीत भरून देऊ नका. प्रयोगशाळेच्या माणसाने घेतलेले, सीलबंद, जागा आणि खोली नोंदवलेले नमुनेच पुरावा म्हणून टिकतात.

काय तपासायचं ते धंद्यावर ठरतं. प्लेटिंग असेल तर क्रोमियम, निकेल, जस्त, सायनाइड. पंप-गॅरेज असेल तर तेल आणि बेंझिन. सगळंच तपासायला गेलात तर पैसे जातील. तुलनेसाठी एक नमुना न वापरलेल्या कोपऱ्यातून घ्या. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानक मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. बोअरच्या अहवालात तो आकडा आधी बघा. आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात खाली काळा कातळ आहे. त्यात भूजल भेगांतून वाहतं, सरळ उतारानेच जाईल असं नाही. म्हणून एका बोअरवरून निष्कर्ष काढू नका.

पायरी ५: सापडलेलं करारात आणा

तपासणी केली आणि फाइलमध्ये ठेवली, तर काय उपयोग? वकिलांना सांगून साठेखतात या गोष्टी घाला:

१. तपासणी समाधानकारक नसेल तर इसार परत मिळेल.
२. आवारातला सगळा घातक कचरा ताब्याआधी विकणारा अधिकृतपणे हलवेल आणि मॅनिफेस्टच्या प्रती देईल.
३. ताब्याआधीच्या प्रदूषणाचा दंड, सफाई आणि दाव्यांची भरपाई विकणारा करेल.
४. रकमेचा काही भाग ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवला जाईल. तिसरं कलम कागदावर असतं, चौथं तुमच्या हातात असतं.
५. ताब्याच्या दिवशीचा माती-पाण्याचा अहवाल कराराला जोडला जाईल. हा तुमचा 'बेसलाइन'. आपण आलो त्या दिवशी जमीन कशी होती, याचा हा साक्षीदार आहे.

एमआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्यावर असतो, त्यामुळे हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी लागते. आणि विकणाऱ्याच्या कन्सेंटवर तुमचं काम चालत नाही. तुमच्या उत्पादनाला कोणती संमती लागेल ते आधीच विचारा.

तीन गैरसमज

*'बँकेने कर्ज दिलं म्हणजे जागा चांगली.'* बँक टायटल आणि किंमत बघते. बोअरचं पाणी ती तपासत नाही.

*'वर काँक्रीट टाकलं की प्रश्न संपला.'* झाकलं जातं, संपत नाही. भूजल खालून वाहतच असतं.

*'मी तर गोडाऊन करणार, मला काय!'* उद्या विकायला काढाल तेव्हा समोरचा हा लेख वाचून आलेला असेल.

मग सौदा सोडायचा का?

दरवेळी नाही. तपासणीतून तीन उत्तरं निघतात. काही नाही सापडलं: निर्धास्त घ्या, अहवाल जपून ठेवा. मोजता येईल इतकं सापडलं: सफाईचं लेखी कोटेशन घ्या, तेवढी किंमत कमी करा किंवा विकणाऱ्याकडून आधी साफ करून घ्या. किती आहे तेच कळत नाही, भूजलापर्यंत गेलंय आणि विकणारा नमुनेच घेऊ देत नाही: हात जोडा आणि बाहेर पडा. नमुना घेऊ न देणं हेही एक उत्तरच आहे. स्वस्त जागा रोज मिळत नाही हे खरं, पण भांडवलही रोज उभं राहत नाही.

आणि हे फक्त आपल्या पैशांपुरतं नाही. त्या बोअरचं पाणी तुमचे कामगार पिणार आहेत, वस्तीतली मुलं पिणार आहेत. माहीत असून गप्प बसलो तर मागच्या मालकात आणि आपल्यात फरक काय राहिला?

या आठवड्याचा गृहपाठ

जागा शोधत असाल तर एका जागेची पहिल्या तीन पायऱ्यांची तपासणी करा आणि एका पानावर लिहा. जागा आधीच घेतली असेल तर आजच्या तारखेचा बोअरच्या पाण्याचा अहवाल करून ठेवा; उशिराचा बेसलाइन काहीच नसल्यापेक्षा बरा. मोठा व्यवहार असेल तर वकील आणि पर्यावरण सल्लागार या दोघांना एकाच टेबलावर बसवा. एकाला कायदा कळतो, दुसऱ्याला माती.

एजंटला काय सांगायचं? 'उद्याच्या पार्टीला जरूर दाखवा. मी आधी माती बघतो, मग इसार देतो.'

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत विचारून घ्या, तपासून घ्या आणि मगच सही करा!