व्हॅक्यूमच्या बाळाचं डोकं

पोरी, व्हॅक्यूम लावून बाळ झालं की डोक्यावर उंचवटा येतोच. कपानं ओढ लागते तिथं कातडीखाली पाणी साकळतं. एक-दोन दिवसांत तो बसतो. तू कळा नीट दिल्या नाहीस, ग्रहण पाळलं नाहीस, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेव: मालिश हातापायांची, पाठीची. डोकं दाबून गोल करायचं नाही. हळदीचा लेप नाही, शेक नाही, फडक्यानं आवळून बांधणं नाही. कपाच्या कडेनं खरचटलं असेल तर तिथं तेलही नको. त्या मायेनंच करतात, पण इथं तुझाच शब्द चालला पाहिजे.

दुसरी एक गाठ जन्मल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वर येते. कवटीचं हाड आणि त्यावरचा पापुद्रा यांच्यामध्ये रक्त साठतं, म्हणून ती एकाच बाजूला राहते, हाडांचा सांधा ओलांडत नाही. जिरायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही जातात. सुईनं काढा म्हणून मागे लागू नकोस, जंतू आत जातात. फक्त ते रक्त जिरताना कावीळ वाढू शकते. बाळाला खिडकीशी उजेडात घे, कपाळ, छाती, पाय बोटानं हलकेच दाबून सोड आणि रंग बघ. पिवळेपणा वाढत असेल तर कोवळ्या उन्हावर विसंबू नकोस, डॉक्टरांना दाखव. आशाताई तिसऱ्या, सातव्या दिवशी येतील, त्यांनाही दाखव.

पहिले दोन दिवस मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. सूज मऊ, डुचमळती लागली, पसरत कपाळाकडे, कानामागे, मानेकडे उतरली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, बाळ पांढरं पडलं, दूध ओढेना, तर आत रक्तस्राव होतोय. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. म्हणूनच 48 तासांच्या आत घरी यायची घाई नको. निघताना व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं का विचार, आणि व्हॅक्यूम लावल्याची नोंद कार्डावर करून घे.

घरी आल्यावर असं काही दिसलं तर 108ला फोन कर. प्रवरा रुग्णालय आपल्याच तालुक्यात, लोणीला आहे. आणि पैशापायी थांबू नकोस: सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, रक्त, गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे.