मन दोष देते तेव्हा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडामातीची घरे झोपलेल्यांवर कोसळली. त्यातून वाचलेली एक मावशी आजही म्हणते, “मीच लेकराला आत निजवलं. मला माफी कशी मिळंल?”

योहानाचे पहिले पत्र 3:20 सांगते, शेवटचा निवाडा मनाचा नव्हे. मनाहून थोर, सर्व जाणणाऱ्या देवाचा आहे. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. प्रभूने तीनदा त्याची प्रीती विचारून मेंढरे त्याच्याच हाती सोपवली. अपराध्यालाही ज्याने टाकले नाही, तो या माउलीला दोषी कसा धरील?

किनवटच्या गोंड-कोलाम वस्त्यांवरही अशी ओझी वाहणारे भेटतात. त्यांना “विसरा” म्हणू नका. जवळ बसा, ऐका, मग प्रार्थना करा. मावशीने परवा प्रथमच प्रार्थनेत लेकराचे नाव घेतले.