बोट थांबली की पगार थांबतो

क्लास फोर पास झालास, इंजिनिअर म्हणून पहिली बोटही मिळाली. जाण्याआधी मामाचं एवढं ऐक.

आपल्या धंद्यात मंदी तेजीच्या पोटातच वाढते. भाडं चढलं की मालक नव्या बोटींच्या ऑर्डरी देतात. त्या यार्डातून बाहेर पडेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर माल आटलेला असतो. कोरड्या मालाच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय इंडेक्स २० मे २००८ ला ११,७९३ वर होता, ५ डिसेंबरला ६६३. मी तेव्हा बल्क कॅरिअरवर सेकंड इंजिनिअर होतो. पनवेलचा फ्लॅट त्याच वर्षी घेतला, आणि हप्ता तेजीतल्या पगारावर बेतला. तू बेतताना वर्षाचे सहाच पगार धर. काही कंपन्या रजेत थोडंफार देतात, पण त्यावर घर उभं करू नकोस.

माझी खरी चूक मात्र पुढे झाली. चीफचं तिकीट हातात आलं आणि कंपनी म्हणाली, सध्या परत सेकंड म्हणूनच जा. मी हटून बसलो. चौदा महिने घरी काढले. नंतर ज्या ऑफिसात जाईन तिथे पहिला प्रश्न एकच : शेवटचं साइन ऑफ कधी? तिकीट कोणतं, हे त्यानंतर. शेवटी सेकंड म्हणूनच गेलो, तेही कमी पगारावर. म्हणून सांगतो, मंदीत रँक बघू नकोस, सी-टाइम बघ. तिकिटाचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं. त्यासाठी त्या पाच वर्षांत बारा महिने, नाहीतर लगतच्या सहा महिन्यांत तीन महिने बोटीवर काढलेले लागतात. नसतील तर कोर्स-परीक्षांच्या फेऱ्या आणि तो खर्च, तोही नेमका हात आखडलेला असताना. बोट लेड-अप केली, म्हणजे काम नाही म्हणून नांगरून ठेवली, की वीस-बावीस जणांतले मूठभरच मागे ठेवतात. त्यात तुला थांबवलं तर थांब, पण तो काळ सी-टाइममध्ये धरला जाईल का, हे आधी लेखी विचारून घे.

सगळ्या बोटी एकदम बुडीत जात नाहीत, हेही ध्यानात ठेव. २०१४ च्या मध्यात तेल शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली आलं. ऑफशोअरच्या बोटी रांगेने नांगरून पडल्या. पण त्याच पडझडीत, २०१५ मध्ये, स्वस्त तेल वाहणाऱ्या टँकरांनी चांगले दिवस पाहिले. म्हणून टँकरचा कोर्स आत्ताच करून ठेव.

मंदीत सगळ्यात जास्त भरडली जातात ती शिकाऊ पोरं. अनुभव नसलेल्याला बर्थ द्यायला कुणी तयार नसतं. तुझ्या बॅचचे काही अजून बेलापूरच्या ऑफिसांचे जिने चढतायत, आणि बोट लावून देतो म्हणत लाखो रुपये मागणारे त्यांनाच गाठतात. ते पाहून पोटात तुटतं. त्यांना सांग, नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. एजंटचा आरपीएसएल, म्हणजे भरतीच्या परवान्याचा नंबर डीजी शिपिंगच्या साइटवर तपासल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

टॅक्सचं थोडक्यात. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलास तर एनआरआय राहत नाहीस आणि बोटीवरचा पगारही करपात्र होतो. घरी बसायला लागलं तर दिवस मोजत जा.

आणि पगार थकला तर? कॅप्टन म्हणेल, पुढच्या बंदरात मिळेल. एक महिना ऐक. दोन महिने पगारच आला नाही आणि मालकाने हात वर केले, तर मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे तुला वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं. चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराची हमी मालकाला आधीच घेऊन ठेवावी लागते. तिचं सर्टिफिकेट बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. चढलास की पहिल्या दिवशी ते शोध, विमा कंपनीचं नाव आणि फोन उतरवून घे.

ते नाव-फोन आणि कराराची एक प्रत ताईला पाठवून ठेव. बोट अडकली तर धावपळ तिलाच करावी लागेल. कुठे फोन करायचा ते मी तिला दाखवून ठेवतो.